सोलून काढलेली लेक

एकोणऐंशी सालची ती सहल आठवली की सुकहानला अजूनही घाम फुटतो.

ग्वांगचौमध्ये मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं आणि तिच्या अंगावर चार ब्लाऊज, तीन स्वेटर, वर कोट. चीनची सीमा नुकतीच पर्यटकांना खुली झाली होती. हाँगकाँगची माणसं तेव्हा अशीच यायची. सामानावर बंधनं होती, पण अंगावरच्या कपड्यांना कोण हरकत घेणार? अंगावरचे कपडे नातेवाइकांना देऊन टाकायचे; येताना कणगी, जाताना काठी.

सतरा वर्षांपूर्वी आईला न सांगता ती खाडी पोहून हाँगकाँगला पळाली होती. मग दर महिन्याला पत्र लिहायची. आईची उत्तरं दोन ओळींची. त्यांत ‘तू कशी आहेस’ एवढंही कधी नसायचं. आईनं आपलं नाव टाकलं, असं तिनं मनाशी धरलं होतं. तरी या खेपेला तिनं हॉटेलचा पत्ता कळवला होता.

गावच्या माणसांना हॉटेलात मज्जाव होता. आई फाटकाबाहेर उभी होती.

“बस सुटायला वीस मिनिटं आहेत, ताई,” गाईड म्हणाली.

आईनं सुकहानला खालीवर न्याहाळलं आणि तोंड फिरवलं. “ही माझी नव्हे. माझी पोर काडी होती नुसती.”



फाटकावरचा पहारेकरी फिदीफिदी हसला. “आजी, तिकडून सगळ्या अशाच येतात. सोलून बघा, आत सापडेल!”

सुकहाननं कोट काढला, मग स्वेटर, एकामागून एक. तिसऱ्यानंतर आईनं झडप घालून तिचं मनगट धरलं, दंड चाचपला.

“आहेस तू,” ती पुटपुटली. “खरंच आहेस गं.”

“म्हणजे? पत्रं मिळत नव्हती?”

“मिळायची. पण खाडीनं गिळलेल्यांच्या आयांनाही पत्रं यायची. समजूत घालायला कुणी ना कुणी लिहायचं. मला कुठं अक्षर ओळखता येतं? वाटलं, माझीही तसलीच. मेलेल्या लेकीला कशी आहेस म्हणून काय विचारू?”

सुकहानला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळेना. सतरा वर्षं छातीवर ठेवलेला दगड आईच्या एका वाक्यानं उतरला.

“रागावली नव्हतीस?”

“रागावले तर! न सांगता गेलीस, कार्टे.” आईनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि हात तिथंच राहू दिला. “आता सांग. तिकडे भात पोटभर मिळतो ना? आणि नवरा कसा आहे?”

गाईडनं दोनदा हाक मारली. आईचे प्रश्न काही संपेनात.