लय पळते तुमची

मी गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसते आणि माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकने आजवर किती खांब, किती सायकलवाले आणि किती दुकानांच्या काचा वाचवल्या याची मोजदाद नाही. त्यामुळे मला घाबरट म्हणायची कुणाची टाप नाही. पण त्या शिबिरात सासूबाई नाचायला उभ्या राहिल्या की माझा पाय आपोआप फरशी दाबायला लागायचा. दाबून उपयोग काय? तिथे ब्रेक कुठला?

आईंच्या हृदयाची एक झडप कामातून गेली होती. आई म्हणजे सासूबाईच, मी त्यांना आईच म्हणते. ऑपरेशन करून घ्या म्हणून डॉक्टर मागे लागले होते आणि आई दाद देत नव्हत्या. जन्मभर लॉन्ड्रीत उभं राहून इस्त्री केलेली बाई, वाकायची नाही आणि वाकवूनही घ्यायची नाही. "माझ्या अंगाला सुरी लावायची नाही," एवढंच म्हणायच्या. माझा नवरा चष्म्याचं दुकान चालवतो, गिऱ्हाइकाशी गोड बोलून बोलून त्याचा आवाजच तसा झालाय. त्यानेही हात टेकले.

मग एक दिवस आईंनी वर्तमानपत्र माझ्यापुढे टाकलं. हौशी गाणाऱ्या-नाचणाऱ्यांसाठी निवासी उन्हाळी शिबिर, वयाची अट नाही.

"मला इथे ने," त्या म्हणाल्या. "एकदा नाचून घेते. मग म्हणाल त्या टेबलावर झोपते."

"आई, हे वय आहे का नाचायचं?"

"मग कापून घ्यायचं आहे का?"

मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, हळू हालचाल चालेल, पण धाप लागता कामा नये. सोबतीला मीही गाण्यासाठी नाव दिलं, आणि नवऱ्याला आम्ही सांगितलं की आई नुसत्या गाण्याला बसणार आहेत.

हे सगळं झेपलं असतं मला. पण त्याच दिवशी आईंचा चष्मा डॉक्टरांच्या टेबलावर राहिला आणि तो आणायला मी एकटी परत आत गेले. डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. म्हणाले, "तुम्ही खंबीर दिसता म्हणून सांगतो. ऑपरेशनमधून त्या उठतीलच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. झडप फार बिघडलीय. पण केलं नाही, तर पुढचा उन्हाळा त्या बघणार नाहीत. करण्यातच शहाणपण आहे." मी चष्मा उचलला, बाहेर आले आणि आईंच्या हातात दिला. कुणाला एक अक्षर बोलले नाही. आईंना कळलं असतं तर त्यांनी ऑपरेशनला साफ नकार दिला असता, आणि नवऱ्याला कळलं असतं तर त्याने शिबिराला. खंबीर म्हणे.

शिबिर एका शाळेत होतं, सुट्टीमुळे रिकाम्या झालेल्या. पोरांच्या वसतिगृहातले पलंग, त्यामुळे माझे पाय पोटरीपर्यंत बाहेर. बेसिन गुडघ्याच्या उंचीवर. सकाळी दात घासायला चांगली पोक्त माणसं रांगेने ओणवी व्हायची. आईंना याची मोठी गंमत वाटायची. मला कशाचीच वाटत नव्हती. रोज सकाळी डोळे उघडले की मी आधी त्यांच्या पांघरुणाकडे बघायची, वरखाली होतंय ना ते.

तिथला एक नियम होता. टेप, मोबाईल, स्पीकर काही नाही. नाचणाऱ्याने शिबिरातल्याच एका गाणाऱ्याच्या गळ्यावर नाचायचं. नाच शिकवणारे सर हातात बोटभर जाडीची काठी घेऊन फिरायचे आणि टेबल, बादली, दार, जे हाताशी येईल त्यावर ठेका धरायचे. आम्ही त्यांना टकटक सर म्हणायचो. "लय गाणाऱ्याची, पाय नाचणाऱ्याचे," ते सांगायचे. "नाचणाऱ्याने गाणाऱ्याच्या मागून जायचं. पुढे पळायचं नाही, थांबायचं नाही."

आईंच्या वाट्याला आधी एक दातांचे डॉक्टर आले. आवाज असा की खिडकीची तावदानं थरथरावीत. माणूस भला, पण रंगात आला की त्याला आगापीछा राहायचा नाही. पहिल्याच तालमीत आईंचे ओठ जांभळट दिसायला लागले. मी धावत मध्ये पडले.

"यांच्यासाठी मी गाते."

"माझं काय चुकलं?" दातवाल्यांचं तोंड उतरलं.

"काही नाही हो, आईंचे कान नाजूक आहेत," मी म्हटलं. लॉन्ड्रीतल्या यंत्रांच्या घरघरीत जन्म काढलेल्या बाईचे कान.

खोलीवर आल्यावर आई म्हणाल्या, "कशाला पळवलंस त्याला? हॉलमध्ये डॉक्टर असलेला बरा."

"दातांचा आहे तो, आई."

मला वाटलं, सुटले. लय गाणाऱ्याची ना? मग आता सुकाणू माझ्या हातात. मी हळू गाईन, त्या हळू नाचतील, धाप लागायचं कारण नाही. गाणंही अगदी सोयीचं मिळालं, गाणं शिकवणाऱ्या बाईंनी स्वतः रचलेलं:

पाणी संथ, नाव संथ, संथ वल्ह्याचा ठेका,
पैलतीर पळत नाही, सावकाश नाव हाका.

दिवसभर शिकणाऱ्यांवर "सावकाश, सावकाश" असं खेकसणारी बाई मी. मला हे न जमायला काय झालं?

नाही जमलं. पहिलं कडवं ठीक जायचं. मग आईंनी वल्हं मारल्यासारखा हात पुढे नेला आणि तो जरा जरी थरथरला, की मला धीर निघायचा नाही. मनात यायचं, लवकर संपव बाई, संपलं की त्या बसतील. आणि मी पळायला लागायची. मला कळायचंही नाही. मी पळाले की आईंचे पाय पळायचे, पाय पळाले की श्वास पळायचा, तो ऐकून मी आणखी पळायची. दातवाल्यांना हाकलून मी त्यांच्याच जागी येऊन बसले होते.

टकटक सरांनी काठी खिडकीच्या गजावर आपटली. "ताई, लय पळते तुमची. नाव चाललीय का आग लागलीय?"

सगळे हसले. आई हसल्या नाहीत. भिंतीला टेकून त्या माझ्याकडे बघत होत्या, बराच वेळ.

"आई, आपण दोनच कडवी करू या ना," मी खोलीवर म्हटलं. "किंवा बसून करा. नुसते हात."

"बसून घरी करीन. हे बघ, तू मध्येच गाणं थांबवलंस तर आपला करार मोडला. मी पूर्ण नाचणार, तू पूर्ण गायचंस. नाहीतर मी ऑपरेशनला येत नाही. जा, सांग तुझ्या नवऱ्याला."

तेवढ्यात नेमका त्याचाच फोन. चोराच्या मनात चांदणं, मी एकदम दबक्या आवाजात बोलायला लागले.

"आई काय करतेय?" त्याने विचारलं.

आई खिडकीचा गज धरून टाचा वर-खाली करत होत्या.

"बसल्यात," मी म्हटलं.

"तुझा आवाज असा का येतोय?"

"गाऊन गाऊन बसलाय."

शेवटच्या दिवशी दुपारी कार्यक्रम होता. शाळेचा हॉल, लाकडी मंच, समोर शिबिरातलीच मंडळी आणि काहींच्या घरचे. मंचामागे उभी राहून मी पुन्हापुन्हा पहिलं कडवं मनात म्हणत होते. हात गार पडले होते. मला लाज नाही वाटत सांगायला, मी भयंकर घाबरले होते. परवान्याच्या परीक्षेला जाताना पोरं माझ्याकडे जशी बघतात तशी मी आईंकडे बघत होते, आणि आई मोज्यांची सुरकुती नीट करत होत्या.

"आई, अजून वेळ आहे. नको म्हणा."

"गळा साफ कर," त्या म्हणाल्या.

मी गायला लागले. पहिलं कडवं बरं गेलं. आईंनी एक पाय पुढे टाकला, दोन्ही हातांनी वल्हं मागे ओढलं, मान जराशी वळवली. छान नाचत होत्या. मी हे आत्ता सांगतेय, तेव्हा मला त्यांचा फक्त गळा दिसत होता, कारण गळ्यावरची शीर उडताना दिसत होती. दुसऱ्या कडव्यात त्यांनी गिरकी घेतली आणि वळताना त्यांचा तोल किंचित गेला.

झालं. माझी लय सुटली. मला कळत होतं की मी पळतेय, पुढच्या रांगेत टकटक सर खुर्चीच्या हातावर जोरजोरात ठेका देत होते तोही ऐकू येत होता, पण उतारावर ब्रेक निकामी झाल्यावर कळून काय होतं? आईंचे पाय माझ्यामागे धावत होते. ओठ पुन्हा तसेच जांभळे. थांबावं तर करार मोडला, गावं तर जीव जातो. मी डोळे मिटून घेतले आणि गातच राहिले.

पावलांचा आवाज बंद झाला.

मी डोळे उघडले. आई मंचाच्या मधोमध उभ्या होत्या, दोन्ही हात खाली सोडून. पडल्या नव्हत्या. उभ्या होत्या. माझं गाणं तुटलं. आई सावकाश चालत माझ्याजवळ आल्या आणि माझ्या मनगटावर हात ठेवला, लोकांना वाटलं असेल की सून शब्द विसरली म्हणून सांगायला आल्या.

"डॉक्टर तुला काय म्हणाले?" त्यांनी हळूच विचारलं.

"कधी?"

"चष्मा आणायला गेलीस तेव्हा. त्या दिवसापासून तू पळतेयस. जिना चढताना पळतेस, जेवताना पळतेस, आणि आता इथे. मला भीती वाटायला लागलीय तुझ्याकडे बघून. मी त्या टेबलावरून उठणार नाहीये का?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी. इतकी बोलले होते, आणखी एक काय जड होतं? पण त्यांचा हात माझ्या मनगटावर होता, आणि तो माझ्याइतकाच गार होता. या बाईला मी काही सांगितलं नव्हतं म्हणून ती घाबरणार नाही असं मला वाटलं होतं. ती इतके दिवस एकटीच घाबरत होती, माझ्याच पलंगाशेजारी झोपून.

"सांगता येत नाही म्हणाले," मी म्हटलं. "उठाल किंवा नाही. पण नाही केलं तर पुढचा उन्हाळा नाही."

आईंनी खाली आपल्या पायांकडे बघितलं. मला वाटलं, संपलं सगळं. आता ऑपरेशनही नाही आणि नाचही नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. थोडा वेळ श्वास घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग हळू गा की. घाई कसली आहे?"

आणि जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. भीती गेली नव्हती, शेजारच्या सीटवर बसावी तशी बसली होती. पण आता तिला लपवायचं नव्हतं. मी एकेक शब्द ठेवत गेले आणि आईंचं पाऊल त्यावर पडेपर्यंत पुढचा शब्द उचलला नाही. पैलतीर पळत नाही. त्यांचा हात पुढे गेला, थरथरला, मी तो थरथरू दिला आणि तो मागे येईपर्यंत थांबले. लय माझी की त्यांची ते मला सांगता येणार नाही. गिरकीच्या जागी त्यांनी गिरकी घेतलीच नाही, नुसती मान वळवून माझ्याकडे बघितलं. टकटक सरांची काठी गप्प होती. गाणं संपलं तेव्हा आईंना धाप लागलेली नव्हती, आणि मी मात्र सगळ्यांच्या देखत हमसून हमसून रडत होते. दातवाल्यांनी मला रुमाल दिला. भला माणूस, मी म्हटलंच होतं.

सामान डिकीत टाकून आम्ही निघालो. शाळेचं फाटक मागे पडल्यावर मी विषय काढला.

"आई, ऑपरेशनचं..."

"येते म्हटलंय ना. शब्द फिरवायची सवय नाही मला."

"आता कळलंय तुम्हाला, म्हणून विचारलं. नको वाटत असेल तर..."

"नकोच वाटतंय," त्या म्हणाल्या. "भीती वाटते म्हणून नको वाटतंय. पण गिरकी राहिलीय, ती पुढच्या वर्षी घ्यायचीय." मग त्यांनी माझ्या पर्समधून फोन काढला. "त्याला सांगायला हवं."

"मी सांगते घरी गेल्यावर."

"तू सांगशील आणि पळशील. तू गाडी चालव."

त्यांनी नंबर लावला. "हां, मीच बोलतेय," त्या म्हणाल्या. "बसलास का? आधी बस. दुकानात गिऱ्हाईक आहे का? असू दे, त्याला थांबू दे." आणि मग अगदी सावकाश, एकेक वाक्य नीट घडी घालून ठेवत, त्यांनी आपल्या मुलाला सगळं सांगितलं. नाचल्याचंही. पलीकडून त्याचा आवाज चढला, मग फुटला. "ऐक," आई म्हणाल्या, "हळू बोल, मला ऐकू येतंय."

आवाजात कंप नव्हता. पण त्यांचा दुसरा हात माझ्या गुडघ्यावर येऊन पडला होता, घट्ट, आणि तो हात असा कापत होता की माझा पाय हलत होता. मी तो हात तसाच राहू दिला. गाडी डाव्या बाजूला घेतली आणि पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्याने चालवावी तितकी हळू चालवायला लागले. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. म्हटलं, वाजवा.