उघडू नका

काठावर बसून हात हलवल्यानं कुणी पोहायला शिकत नाही, त्यासाठी विहिरीतच उतरावं लागतं, असं अनुपमाचं ठाम मत होतं. केडगाव चौफुल्यावर जयसिंग सरांच्या कॉम्प्युटर क्लासात ती सायबर सुरक्षा शिकवायची. पोरं बारा. कुणी कॉलेजातली, कुणी शिक्रापूरला कंपनीत शिफ्ट करून येणारी. अनुपमाचं माहेर शिरूर. पुण्यात पाच वर्षं व्हायरस पकडायचंच काम केलं आणि मग लग्न होऊन केडगावात आली. बाईला आपलं काम येत होतं, आणि येतंय हे तिला चांगलं ठाऊकही होतं. तिथंच घोडं पेंड खातं बघा.

खरं तर आधी तिनं पोरांना मेलेला व्हायरस दिला होता. म्हणजे त्यातला नासधूस करणारा भाग काढून टाकलेला. तो चालवला की पडद्यावर एक चौकट यायची आणि निघून जायची. पोरं जांभया द्यायला लागली. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, ह्यो तर बिनविषारी हाय." सगळा वर्ग फिदीफिदी हसला. ते तिला लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या कामातला खरा आणला.

क्लासात एक कॉम्प्युटर त्यासाठी वेगळा ठेवला होता, त्याला नेट नाही की दुसरं काही नाही. तिनं त्यात पन्नास फोटो भरले, पोरांना भोवती गोळा केलं आणि व्हायरस सोडला. मिनिटभरात पन्नासच्या पन्नास फोटो साफ. "आयला!" म्हणून पोरं मागं सरकली. वरवंडची प्रगती हुशार, तिनं विचारलं, "परत येतील का मॅडम?"

"नाही," अनुपमा म्हणाली. "कुलूप लावून पैसे मागणारे व्हायरस वेगळे. हा मागत काहीच नाही. फाईलच्या जागी कचरा लिहून ठेवतो. ह्यातून काही परत येत नाही."

ते वाक्य तिनं फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. पोरांच्या चेहऱ्यावरची ती भीती बघून तिला बरं वाटलं होतं. अगदी खरं सांगायचं तर फार बरं वाटलं होतं.

मग तिनं प्रत्येकाला एकेक पेन ड्राईव्ह दिला. आत तोच व्हायरस, पासवर्डच्या कुलपात. क्लासातल्या त्या वेगळ्या कॉम्प्युटरवर उघडायचा, काय काय करतो ते वहीत टिपायचं, हा गृहपाठ. कुणी चुकून हात लावू नये म्हणून फाईलचं नावच तिनं ठेवलं 'उघडू नका'. वर कागदावर सह्या घेतल्या की बाहेर वापरणार नाही. आता सह्यांनी आपल्याकडं कुणाचं काय अडलंय! पण तिला वाटलं, झालं आपलं काम.

प्रगतीनं गृहपाठ इमानदारीनं केला. फक्त पासवर्ड घालून उघडलेली फाईल त्याच पेन ड्राईव्हवर राहिली, आणि पेन ड्राईव्ह राहिला घरी टीव्हीवर. तिचा थोरला भाऊ संपत ट्रॅक्टर चालवायचा. ट्रॅक्टरला एकवेळ डिझेल नसलं तरी चालेल, पण गाणी पाहिजेत, आणि त्याचा गाण्यांचा पेन ड्राईव्ह पावसात भिजून खलास झालेला. टीव्हीवरचा हा दिसला. त्यानं तो खिशात टाकला आणि वरवंडात सम्राटच्या मोबाईल दुकानात जाऊन म्हणाला, "दोनशे गाणी भर, दणदणीत."

दुसऱ्या दिवशी प्रगती क्लासात आली ती रडतच. त्या पेन ड्राईव्हनं सम्राटचं मशीन पुसून काढलं, हे संपतनं घरी येऊन सांगितलं होतं. तिला सोबत घेऊन अनुपमानं स्कूटी वरवंडाकडं मारली.

सम्राटचा चेहरा उतरलेला होता. कॉम्प्युटर चालू होता, पण आत सगळीकडं ती ओळखीची नासाडी.

"नाव वाचलं नव्हतंस का?" अनुपमानं विचारलं.

"वाचलं की! 'उघडू नका' लिवलंय म्हटल्यावर कोण न उघडता ऱ्हाईल, मॅडम? मला वाटलं, संपतनं कायतरी चावट भरून आणलंय." सम्राट कसनुसा हसला. "गाणी गेली, गेली. लग्नाचे फोटो पण लोकांना दिलेले हायेत, मिळतील. पण गितामावशीचा व्हिडिओ गेला."

"कोण गितामावशी?"

मग त्यानं सांगितलं. गिताबाई म्हणजे माळावरच्या वस्तीवरची धनगराची बाई. नवरा तात्याबा, थोडी मेंढरं, थोडी जमीन. एकुलता एक पोरगा माऊली शिक्रापूरला कंपनीत लागला, तिथंच खोली घेऊन राहिला, आणि दीड वर्षामागं चौकात ट्रकखाली गेला. त्याच्या मोबाईलचा चुरा झालेला. तात्याबांनी तो चुरा फडक्यात बांधून सम्राटकडं आणला होता. सम्राटनं चार दिवस खटपट करून त्यातनं एक व्हिडिओ बाहेर काढला, आणि मग तो मोबाईल कायमचाच मेला. माऊलीनं खोलीत बसून आईसाठी बनवलेला, पण कधी न पाठवलेला, कारण आईकडं बटनांचा फोन. त्यात व्हिडिओ जाणार कुठून?

"दर बाजारच्या दिवशी येती म्हातारी," सम्राट म्हणाला. "भाजी घेती, मग हितं स्टुलावर बसती. मी लावून देतो. दोन मिनटांचा हाय. दोनदा बघती आन् जाती. मी म्हणलं, तात्याबांच्या भावकीत कुणाच्या तरी मोबाईलात टाकून देतो. तर न्हाई म्हणली. लोक एकमेकाला पाठवत बसत्याल, माझं लेकरू गावभर फिरवू नको, तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. एक कॉपी मी दुसऱ्या पेन ड्राईव्हात जादा करून ठिवली होती. पण ती पण मशिनलाच लावलेली."

अनुपमानं तो कॉम्प्युटर उचलून क्लासात आणला आणि दोन दिवस त्याच्यापुढं बसली. हरवलेल्या फाईली काढायची जेवढी हत्यारं तिला माहीत होती, तेवढी सगळी वापरली. कुणाच्या तरी साखरपुड्याचा अर्धा फोटो सापडला, एका गाण्याचा तुकडा सापडला. व्हिडिओ नाही. सापडणार नाही हे तिला पहिल्याच तासात कळलं होतं. तिनंच तर शिकवलं होतं! तरी ती बसून राहिली, कारण उठली असती तर पुढचं काम करावं लागलं असतं.

मधल्या वेळात तिनं पेन ड्राईव्ह परत मागवले. बारापैकी दहा आले. दोघांनी मान खाली घातली. त्यांनी तो मित्रांना दिला होता, आणि मित्रांनी पुढं कुणाला, ते देव जाणे.

"सही केली होतीस ना?" अनुपमा ओरडली.

"शिकायलाच दिला, मॅडम," त्यातला एक म्हणाला. "तुमीच तर म्हणता, ज्ञान दिल्यानं वाढतं."

तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याचं चुकलं होतं म्हणून नव्हे. तो तिचंच वाक्य तिला परत देत होता म्हणून.

जयसिंग सर वेगळ्याच काळजीत. क्लास त्यांनी घराची पुढची खोली पाडून काढलेला. "हे बघा मॅडम, म्हातारीला व्हायरस म्हंजी काय ते कळणार हाय का? सम्राट सांगंल मशीन बिघडलं. मशिनं काय, बिघडतातच. तुम्ही कशाला आपल्या पायावर धोंडा मारून घेता?"

"खोटं बोलायचं?"

"खोटं कुठं? बिघडलंच की."

सरांचं म्हणणं तसं अगदीच चुकीचं नव्हतं, आणि खरा त्रास तोच होता. गिताबाईला काय फरक पडणार होता? व्हिडिओ गेला तो गेला. खरं सांगून म्हातारीचं काही भरून येणार नव्हतं. फक्त अनुपमाचं मन हलकं होणार. दुसऱ्याच्या दुःखावर आपलं मन हलकं करून घ्यायचं, हे तरी कुठल्या शास्त्रात बसतं? आणि गप्प बसावं, तर सम्राटनं केलेल्या चार दिवसांच्या खटपटीवर डाग लागणार. पोरगं बिचारं आयुष्यभर 'तुझं मशीन खराब' ऐकत बसेल. तिला नीट झोप लागेना.

तिच्या मनात अजून एक गोष्ट होती आणि ती तिनं कुणाला सांगितली नाही. मेलेला व्हायरस तिच्याजवळ होताच. पोरं हसली नसती, तर तोच दिला असता. म्हणजे शिक्षण-बिक्षण सगळं खरं, पण पेन ड्राईव्ह बारा जणांच्या हातात पडले ते एका हसण्यापायी.

बाजारच्या दिवशी ती सकाळीच कॉम्प्युटर परत घेऊन सम्राटच्या दुकानात जाऊन बसली. प्रगतीही आली, नको म्हटलं तरी आली. दहाच्या सुमारास गिताबाई आल्या. बारीक अंगाची बाई, डोक्यावर पदर, हातात पिशवी, पिशवीतून मेथी बाहेर आलेली. सम्राटला म्हणाल्या, "लाव रं बाबा. आज लवकर जायचंय, मेंढरांना डॉक्टर यायचाय."

सम्राट अनुपमाकडं बघायला लागला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

"मावशी, बसा," अनुपमा म्हणाली. "मी केडगावच्या क्लासात शिकवते. तुमच्या माऊलीचा व्हिडिओ गेलाय. ह्या कॉम्प्युटरमधून पुसला गेलाय. दोन दिवस खूप प्रयत्न केला, पण परत येत नाही."

गिताबाई स्टुलावर बसल्या. पिशवी मांडीवरच राहिली.

"कसा गेला?"

"मशी..." सम्राटनं सुरुवात केली. त्याला बिचाऱ्याला वाटलं, आपण मॅडमला वाचवतोय.

"नाही," अनुपमा म्हणाली. "मशीन बिघडलेलं नाही, आणि सम्राटची चूक नाही. कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून टाकणारी एक गोष्ट असते. ती मी माझ्या पोरांना दिली होती. तिथून ती इथपर्यंत आली."

"पुसायची वस्तू? आन् ती दिली पोरांला?" गिताबाईंनी तिच्याकडं नीट बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. समजून घ्यायची धडपड होती, आणि ती बघणं अनुपमाला रागापेक्षा जड गेलं. "का वं ताई?"

"शिकवायला. अशी वस्तू कुठून आली, तर ती ओळखता यावी, अडवता यावी म्हणून."

गिताबाईंनी बाहेर आलेली मेथी पिशवीत सारली.

"मंग शिकली का पोरं?"

अनुपमाच्या मागं उभी असलेली प्रगती हुंदका देऊन बाहेर निघून गेली. अनुपमाला काहीतरी उत्तर देणं भाग होतं. "हो," ती म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून निघाल्या निघाल्या तिला स्वतःची किळस आली.

"मावशी, माझं चुकलं. खऱ्याची गरज नव्हती. मी द्यायला नको होता."

"असू द्या," गिताबाई म्हणाल्या. माफ केलं म्हणून नव्हे, पुढं बोलायचं होतं म्हणून. "मला तोंडपाठ हाय सगळं. दीड वरीस ऐकतीया. मशिनीतनं गेलं म्हणून माझ्यातनं जातंय व्हय?" त्यांनी पदर सारखा केला, अंधारलेल्या पडद्याकडं बघितलं आणि माऊलीच्या आवाजात बोलायला लागल्या. आवाज म्हातारीचाच, पण ठेका पोराचा.

"आये, ही बघ माझी खोली. लय बारीक हाय, पण वारा येतो. ह्यो गॅस. आज म्या पिठलं केलंय, बघ. तुझ्यावाणी न्हाई झालं, गाठी झाल्यात." गिताबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "हितं हासतो त्यो." मग पुन्हा, "हासू नको गं. आन् ह्ये बाचं घोंगडं. हितली पोरं म्हणत्यात, मला दे. म्या म्हणलं, हाट! बाला सांग, टोचत असलं तरी झोप चांगली लागती." मग म्हणाल्या, "हितं खोकतो जरा." आणि पुढं, "आता सुट्टी घावली की येतो. येताना तुला..."

गिताबाई थांबल्या.

"येताना तुला..." त्यांनी पुन्हा म्हटलं. कपाळावर आठी आली. "येताना तुला कायतरी आणतो म्हणला त्यो. काय म्हणला?" त्या सम्राटकडं वळल्या. "काय आणतो म्हणला रं, सम्राट? तू तर हितंच असतूस."

सम्राटनं काउंटरवरची वायर हातात घेतली, खाली ठेवली. "मावशी, मी गिऱ्हाईक बघत असायचो तवा. नीट कधी ऐकलं न्हाई."

गिताबाईंनी अनुपमाकडं बघितलं, आणि तिला काय ठाऊक असणार हे लक्षात येऊन नजर काढून घेतली.

"पयल्यापासनं म्हणलं की येतंय," त्या म्हणाल्या. "थांबा हां." आणि मांडीवरच्या पिशवीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. खोली, गॅस, पिठलं, गाठी. हसण्याच्या जागी या वेळी त्या स्वतःच थोडं हसल्या. घोंगडं झालं, खोकला झाला. येताना तुला, म्हणाल्या, आणि तोंड उघडं ठेवून तशाच बसून राहिल्या.