सावलीची कड

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात प्लास्टिकला रंग देणारे दाणे बनतात. बादल्या, टब, खुर्च्या, सगळ्यांचे रंग या दाण्यांतून येतात. तिथल्या लॅबमध्ये उन्नती गायकर अकरा वर्षं शेड जुळवायचं काम करत होती. रंग मोजायचं मशीन होतंच, पण ते आकडे द्यायचं आणि गिऱ्हाईक काही आकड्यांत बोलत नाही. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये खुर्च्या बनवणारा एक सेठ होता. तो फोनवर एवढंच ओरडायचा, "मॅडम, कलर मर गया!"

मेला म्हणजे नक्की काय, हे शोधणं उन्नतीचं काम. "सेठजी, पीला मार रहा है या नीला? उजेडात बघितलं की ट्यूबलाइटखाली? रंग उतरलाय की चमक?" चार-सहा प्रश्न झाले की सेठच सांगायचा, लाल बरोबर आहे, फक्त तकाकी नाही. मग दाण्यात काय कमी पडलं ते तिला कळायचं. या उलटतपासणीची तिला इतकी सवय झाली होती की घरी कुणी "भाजी बरी झालीय" म्हटलं तरी ती विचारायची, बरी म्हणजे कशी?

त्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास सासूबाईंचा फोन आला. ठमाबाई बदलापूरच्या पलीकडे, गावातल्या घरी एकट्या राहत. सत्तरी जवळ आली होती, तरी मेथी-भेंडीचा मळा स्वतः बघत. भेंडी पाठवू का, हे विचारायला त्यांनी फोन केला होता.

"आणि गो, डोल्याचा जरा तसाच हाय," त्या फोन ठेवता ठेवता म्हणाल्या.

"तसाच म्हणजे कसा, आई?"

"सावली पडते. ते डोल्यांच्या शिबिरवाले बोलले ना, मोतीबिंदू हाय, दिवाली झाल्यावर करू. तोच असंल."

उन्नतीने हातातली रंगाच्या नमुन्याची चकती टेबलावर ठेवली. "कोणत्या डोळ्याला?"

"डाव्या."

"उजवा डोळा हाताने झाका. आता सांगा, सावली कुठे आहे?"

फोनमध्ये बांगड्या वाजल्या. "खाली. नाकाच्या अंगाला."

"रंग कसा आहे तिचा?"

"अगो, सावलीला काय रंग असतो?"

"असतो. नीट बघून सांगा."

ठमाबाई हसल्या, पण बघू लागल्या. "काला नाय. ओली पाटी असते ना पोरांची, तसा. करडा."

"कडेला फिकट होत जातो का, की तिथे रेघ आहे?"

"रेघ हाय. सरल नाय, भाकरीच्या कडेसारखी वाकडी. आणि डोला फिरवला का पान्यासारखी हालते."

"काल एवढीच होती?"

"काल कमी होती. काल तुलशीची कुंडी दिसत होती. आता कुंडी नाय, नुसती तुलस दिसतेय वर." मग त्यांना आणखी काही आठवलं. "परवा तर काजली उडावी तसे बारीक कण आले डोल्यासमोर. आणि कडेला वीज चमकल्यासारखा, डोला मिटला तरी. मना वाटला, उन्हात उभी होते म्हणून."

उन्नतीला डोळ्यांच्या आजारातलं काही कळत नव्हतं. पण तिच्या स्वतःच्या वडिलांना मोतीबिंदू झाला होता. त्यांना सगळंच धुरकट, पिवळट दिसायचं, जुन्या प्लास्टिकच्या पत्र्यातून बघावं तसं. तिथे कड नव्हती. रंग उतरतो तो सगळीकडून उतरतो, हे तिने लॅबमध्ये हजारदा पाहिलं होतं. कड दिसली आणि ती रोज सरकत असली, तर काहीतरी सुटत चाललं आहे.

"आई, आज मळ्यात जाऊ नका. वाकू नका, काही उचलू नका. मी येतेय."

तिने नवऱ्याला फोन लावला. हरेश टेम्पो चालवायचा आणि त्या वेळी कॅम्प चारमध्ये माल भरत होता.

"आयेचा दर आठवड्याला कायतरी असतं," तो म्हणाला. "रविवारी दाखवू ना. दिसतंय ना तिला?"

"दिसतंय. पण कुंडी दिसत नाहीये."

"कसली कुंडी?"

उन्नती समजावत बसली नाही. साहेबांकडून अर्धी सुट्टी घेतली, रिक्षा केली आणि गाव गाठलं. ठमाबाई स्वच्छ लुगडं नेसून ओटीवर बसल्या होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण पिशवीत टॉवेल, कंगवा आणि आधारकार्ड भरून ठेवलं होतं.

बदलापुरात स्टेशनजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात अडतीस नंबर मिळाला. काउंटरवरच्या मुलीने वर न बघता विचारलं, "मोतीबिंदू ना? आज खूप गर्दी आहे, सोमवारी आणलंत तर बरं."

उन्नतीने पर्समधून कागद काढला आणि उभ्याउभ्या लिहिलं: डावा डोळा. परवा काजळीसारखे कण, कडेला चमक. कालपासून खालून, नाकाच्या बाजूने करडी सावली. कड स्पष्ट, वाकडी, हलणारी. काल कुंडीच्या खाली, आज कुंडीच्या वर. मधलं अजून स्वच्छ.

"एवढं फक्त मॅडमना दाखवा," ती म्हणाली. "मग अडतिसावा नंबर असला तरी बसते मी."

मुलगी कुरकुरत आत गेली. दोन मिनिटांत डॉक्टरीणबाई स्वतःच दारात आल्या. तिशीतल्या असतील. "हे कुणी लिहिलं? पेशंट कुठेत?"

डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग दिवा बाजूला केला. "आतला पडदा वरच्या बाजूने सुटलाय, म्हणून सावली खालून दिसतेय. मधला भाग अजून चिकटलेला आहे. तो सुटला तर नंतर ऑपरेशन करूनही पूर्वीसारखं दिसेल असं नाही. आजच ठाण्याला जा, मी फोन करते. मोतीबिंदू आहे दोन्हीकडे, पण तो थांबेल. हे थांबणार नाही."

बाहेर आल्यावर ठमाबाई रिक्षात चढेनात. "भेंडी तोडायची हाय उद्या. आणि कापतील ना डोला?"

"कापतील. तुम्हाला कळणार नाही."

"तुना काय ठाऊक?"

"नाही ठाऊक," उन्नती म्हणाली. "पण मी बाहेर बसून असेन."

त्या चढल्या. रिक्षा रेल्वेच्या फाटकाशी थांबली. तेव्हा ठमाबाई पदराने पाणावलेला डोळा टिपत म्हणाल्या, "सगले इचारतात, दिसतंय काय? दिसतंय बोलला का गप बसतात. कसा दिसतंय, ते तूच इचारलास."

 उन्नतीचं लग्न झालं तेव्हा याच बाईने पाहुण्यांसमोर म्हटलं होतं, रंग बघायला काय शिकायला लागतं? ते तिला अजून बोचत होतं. तिने सासूचा हात धरला आणि ठाण्यापर्यंत धरून ठेवला.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. हरेश पहाटेच टेम्पो घेऊन आला होता. डॉक्टरांनी त्याला समजावलं: पडदा जागेवर बसवला आहे, तो दाबून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला आहे, दहा दिवस दिवसाचा बहुतेक वेळ पालथं झोपायचं. हरेश मान डोलवत होता. डॉक्टर गेल्यावर तो भिंतीला टेकून बायकोला म्हणाला, "मी रविवारी दाखवू बोललो होतो."

"हो."

"तोपर्यंत मधलाही सुटला असता?"

"डॉक्टरांना विचारा. मला नाही माहीत." त्याला टोचण्यात तिला काही गोडी वाटली नाही.

ठमाबाई महिनाभर अंबरनाथच्या फ्लॅटवर राहिल्या. पहिले दहा दिवस कपाळ उशीवर, तोंड खाली, कंटाळून जीव जाई. त्या काळात त्यांनी घराची फरशी पाठ केली. कुठली लादी कुठे टवकली आहे, कुठल्या डागाचा आकार बदकासारखा आहे, सगळं सांगत. पहिले काही दिवस डाव्या डोळ्याने नुसता दुधाळ उजेड कळायचा. सातव्या दिवशी जेवायला उठून बसल्या आणि ओरडल्याच, "उन्नती! वर उघडलंय! वरती साफ, खाली पानी. मधी रेघ, डुचमळतेय!"

रेघ रोज थोडी खाली जाऊ लागली. सकाळच्या चहाला त्या सांगत, आज पंख्याखाली, आज खिडकीच्या निम्म्यावर. तिसऱ्या आठवड्यात तिचा वाटोळा मण्याएवढा बुडबुडा झाला, काळ्या कडेचा, आत लख्ख. एका दुपारी तो फुटून त्याचे दोन झाले आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही दिसेनासे झाले.

नजर बरीचशी परत आली, सगळी नाही. त्या डोळ्याने सुई ओवता येत नाही, सरळ रेघा मधे किंचित मोडलेल्या दिसतात. डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांत कमी होईल, थोडं राहीलही. मोतीबिंदूची तारीख शिमग्यानंतरची ठरली.

महिन्याभराने हरेश त्यांना गावी सोडायला गेला. उन्नतीही बरोबर होती. ठमाबाई ओटीवर चढल्या, एक डोळा झाकून दाराकडे बघितलं, मग दुसरा झाकला.

"ह्या डोल्यानं चौकट सरल, त्यानं वाकडी," त्या म्हणाल्या. "गवंड्याला उगाच दोष दिला असता."

हरेश पिशव्या खाली ठेवून आईजवळ उभा राहिला. "किती वाकडी, आये?"

त्या विचार करू लागल्या. मग हवेत बोट धरून सावकाश वरून खाली आणलं, मध्यावर जरासं आत वळवलं, आणि परत सरळ केलं.

"एवढी," त्या म्हणाल्या, आणि भेंडीचं काय झालंय ते बघायला मळ्याकडे निघाल्या.