इसोनागीच्या पाठीवरचा भात

मित्रांनो, मी एक जुनी विनाशिका, म्हणजे वेगवान लढाऊ जहाज आहे. जपानच्या एका मासेमारी बंदरात लाटा अडवत उभी आहे. माझ्या पोटात दगड आणि सिमेंट भरले आहे. माझ्या पाठीवर बसून म्हातारे गळ टाकतात. माझे नाव इसोनागी, म्हणजे किनाऱ्यावरचे शांत पाणी. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! तसले पाणी माझ्या वाट्याला फारसे आलेच नाही.

मी गोदीतून पाण्यात उतरले तेव्हा लोकांनी झेंडे नाचवले होते. सगळ्या ताफ्यात माझ्याइतकी वेगवान कोणी नव्हती. त्याचा मला भारी तोरा होता.

माझ्या भटारखान्यात कुमेझो नावाचा आचारी होता. लढाईच्या दिवशी तो सगळ्यांसाठी भाताचे गोळे वळायचा आणि प्रत्येकात उमे नावाचे एक खारवलेले आंबट फळ दाबायचा. शिगेहारू नावाच्या खलाशाला ते फळ मुळीच आवडत नसे.

“कुमेझोदादा, माझ्यात ते घालू नकोस रे. नुसतं बघूनच दात आंबतात.”

“लढाईवर आलायस की सासुरवाडीला? गिळ मुकाट्याने!”

असे कुमेझो म्हणायचा, पण शिगेहारूचे गोळे गुपचूप बिनउमेचे वळायचा.

युद्धाच्या तिसऱ्या वर्षी, भर दुपारी, आमच्या सोबतचे जहाज बुडाले. त्याचे खलाशी तेलकट पाण्यात हात हलवत होते. मी थांबले. माझ्या कडेने दोरांची जाळी सोडली. दमलेल्यांना ती धरवेना, म्हणून शिगेहारू स्वतः पाण्यात उतरला. उतरताना ओरडला, “दादा, माझे दोन गोळे राखून ठेव!”

तेवढ्यात टेहळ्याने आरोळी ठोकली, “पाणबुडी! उजव्या अंगाला पाणबुडी!”

कप्तानाने पूर्ण वेगाचा हुकूम दिला. सतरा माणसे अजून पाण्यात होती. शिगेहारूने पाण्यातूनच माझ्या कडेवर दोनदा थाप मारली आणि मी निघाले. मित्रांनो, ती पाणबुडी नव्हती. बुडालेल्या जहाजाची मोडकी डोलकाठी होती. मी तिला घासून गेले, म्हणून मला कळले. पण मला जीभ नाही.

युद्ध हरल्यावर माझ्या तोफा काढल्या. मी बेटाबेटांवरून उपाशी सैनिक घरी आणू लागले. कुमेझो माझ्यावरच होता. दर खेपेला धक्क्यावर शिगेहारूची बायको हात्सुए उभी असे. तिला सरकारकडून वीरमरणाचे पत्र आले होते आणि पांढऱ्या पेटीत अस्थींऐवजी एक दगड. सासरचे म्हणत, दुसरा घरोबा कर. ती ऐकत नव्हती. ती रोज नवऱ्याच्या नावाने पान वाढायची. भाताच्या वाडग्याच्या झाकणाला आतून घाम आला की दूरचा माणूस जिवंत, असे तिकडे मानतात.

“वहिनी, तो गेला,” कुमेझो सांगायचा. “तोफेचा गोळा लागला. क्षणात गेला. त्याला कळलंसुद्धा नाही.”

“मग झाकणाला रोज घाम कसा येतो हो, दादा?”

गरम भाताचे झाकण घामेजणारच, हे त्याला बोलवत नसे. अशी तीन वर्षे गेली. तिचे केस पांढरे होऊ लागले.

शेवटी मला इथे दगड भरून बसवले. त्या दिवशी कुमेझो तिला घेऊन माझ्या पाठीवर आला आणि त्याने सगळे खरे सांगितले.

“म्हणजे आम्ही सोडून आलो तेव्हा तो जिवंत होता, वहिनी.”

“जहाज परत वळेल म्हणून वाट पाहिली असेल त्याने?”

“पाहिली असेल.”

“माझ्यासारखीच,” ती म्हणाली. मग तिने माझ्या पत्र्यावर मूठ आपटली, दोनदा. माझ्या अंगावर तोफेचे गोळे पडले होते, पण इतके काही लागले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने तो वाडगा आणला. त्यातले दोन बिनउमेचे गोळे पाण्यात सोडले आणि झाकणही सोडून दिले. त्यानंतर तिने घरी ते पान वाढले नाही.

मित्रांनो, माझ्या वेगाचे सगळ्यांनी कौतुक केले. तुम्ही मात्र मागून कुणी हात हलवला तर एकदा वळून बघा, आणि बघूनच निघा. वादळात अजूनही माझ्या कडेवर दोनदा थाप पडते. आता मी थांबलेली आहे. पण जाळी सोडायला माझ्यावर कुणीच नाही.