डब्याचं सामान्यरूप

निवृत्त झाल्यापासून व्याकरणाच्या सरांना घरात कोणी काही विचारत नव्हतं. शाळेत मुलं पाठीमागे 'प्रत्यय सर' तरी म्हणायची; घरात तेवढाही मान उरला नव्हता.

अशात त्यांच्या बायकोच्या, म्हणजे बाईंच्या, महिला मंडळाने प्रदर्शन जाहीर केलं. रिकाम्या डब्यांतून शोभेच्या वस्तू करायच्या. डबे रिकामे व्हावेत म्हणून बाईंनी आठवडाभर घरादाराला बिस्किटं खायला घातली. नणंदेने फोनवर हस्तकलेचं हजारेक पानांचं पुस्तक पाठवलं. बाईंनी शोधायच्या चौकटीत 'डबा' लिहिलं. एकच जागा सापडली: प्रस्तावनेत, लेखिकेच्या प्रवासात, आगगाडीचा डबा.

"अहो, एवढ्या पुस्तकात डबा नाही?"

सरांनी चष्मा चढवला. "कसा असेल? 'डब्याला रंग द्या', 'डब्याचं झाकण कापा'. प्रत्यय लागला की शब्दाचं सामान्यरूप होतं. 'डब्या' लिही."

पडदा पिवळ्या खुणांनी भरून गेला. बाईंनी नवऱ्याकडे कौतुकाने पाहिलं. सरांना ती नजर चढली.

बातमी मंडळात पसरली. शेजारीण आली, तिला 'दोरा' सापडत नव्हता. "'दोऱ्या' शोधा," सर म्हणाले. दुसरीची 'चिंधी' हरवली होती. "अनेकवचनाचा विचार केलात का?" सरांनी माळ्यावरचा फळा खाली काढला. रोज दुपारी दिवाणखान्यात वर्ग भरू लागला. बँकेत मॅनेजर राहिलेल्या अध्यक्षीणबाई गृहपाठ न केल्याबद्दल सगळ्यांसमोर बोलणी खाऊन गेल्या. डबे मात्र कोपऱ्यात तसेच पडून होते.

"अहो, आता कात्री हातात घेऊ का?"

"घे की. 'कात्रीने', 'कात्रीला'. बघ, जराही बदलत नाही. गुणी शब्द आहे."

प्रदर्शनाचा दिवस उजाडला आणि मंडळाच्या टेबलावर ठेवायला एकही वस्तू नव्हती. अध्यक्षीणबाईंनी घाईघाईने फळाच आणून उभा केला: डबा, डब्याने, डब्याला, डब्यात. परीक्षक पेशाने दातांचे डॉक्टर. ते फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले, मान तिरकी करून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "रिकामेपण फार छान पकडलंय." पहिलं बक्षीस मंडळाला मिळालं.

प्रमाणपत्र घ्यायला सर पुढे गेले. ते त्यांनी वाचलं आणि तिथेच परत केलं. 'सर्वोत्कृष्ठ' असं छापलं होतं. "शेवटी ट हवा," ते माइकवरून म्हणाले. प्रमाणपत्र दुरुस्तीला गेलं, ते अजून आलेलं नाही. अध्यक्षीणबाई सरांशी बोलत नाहीत.

यंदा मंडळाने विणकाम ठेवलंय. बाईंनी त्यात नाव दिलं नाही. त्या सकाळी पोहायला जातात.

"पोहण्याचं एखादं पुस्तक शोधून देऊ?" सरांनी विचारलं.

"नको," टॉवेल पिशवीत कोंबत बाई म्हणाल्या. "मला नुसतं पाण्यात पडायचंय."

"'पाण्या'," सर पुटपुटले. "'पाणी'चं सामान्यरूप."

तोवर बाई जिना उतरून गेल्या होत्या.