अम्मीच्या बोर्डाचे पंचवीस फूट

शनिवारची सकाळची शाळा सुटली, मी उचगावच्या स्टॉपवर उतरले आणि बघते तर काय, अम्मीच्या बोर्डावर ही मोठी लाल फुली! 'शबनम लेडीज टेलर्स, आत या' यातल्या 'आत या'वरच कुणीतरी ब्रश ओढला होता. रंग अजून ओला होता. शेजारच्या टपालपेटीवरही फुली होती, पण लाल पेटीवर लाल रंग, त्यामुळे ती जवळ गेल्याशिवाय दिसत नव्हती.

बोर्डाच्या खांबाला रस्ते विभागाचा एक कागद चिकटवला होता. 'रस्त्याच्या मध्यापासून पंचवीस फुटांच्या आत उभारलेले फलक, पेट्या व खांब सोमवारी सकाळी दहा वाजता काढण्यात येतील.'

मी पळतच घरी गेले. अम्मी मशीनवर बसली होती.

"अम्मी, बोर्ड काढणार हायेत!"

"बघितलंय." तिनं मान वर केली नाही. पण पायडलवरचा पाय थांबला होता.

आमचं घर रस्त्यावर नाही. शालूकाकींच्या गोठ्याला वळसा घालून गल्लीच्या पार टोकाला आहे. बोर्ड दिसला तरच बायका गल्लीत वळतात, नाहीतर गाडी सरळ पुढं. मागच्या वर्षी वाऱ्यानं बोर्ड पडला होता, तेव्हा आठवडाभर एकही नवीन बाई आली नव्हती. आणि आता तर लग्नसराई तोंडावर. अम्मीनं गेल्याच महिन्यात दुसरं मशीन घेतलं होतं आणि दोन मुलींना शिवण शिकवायला सुरुवात केली होती. बोर्ड गेला तर त्या दुसऱ्या मशीनवर बसून करायचं काय?

"मागं सरकवू की आपण बोर्ड," मी म्हणाले.

"कुठं? शालूआक्काच्या म्हशीच्या पाठीवर?"

खरंच होतं. बोर्डाच्या मागं वीतभर जागा, की लगेच गोठ्याची भिंत.

"मग मी बोलतो त्यांच्याशी."

(आम्ही कोल्हापूरच्या पोरी बोलताना 'मी करतो, मी जातो' असंच म्हणतो. लिहिताना तसं लिहिलं की बाई लाल गोल करतात, म्हणून इथं जपून लिहितेय.)

अम्मीनं आता मात्र वर बघितलं. मागच्या वर्षीपर्यंत वर्गात 'हजर' म्हणायलाही माझा आवाज फुटायचा नाही, हे तिला माहीत होतं. पण यंदा विज्ञान प्रदर्शनात माईक माझ्या हातात आला आणि काय झालं कुणास ठाऊक, मला बोलायला जाम आवडायला लागलं!

आधी मी शालूकाकींना गाठलं. त्या दिवसभर गोठ्याच्या दारात असतात, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

"खाकी शर्टाचा माणूस आलता," काकी म्हणाल्या. "गणपतराव म्हणून हाक मारत हुता त्याचा गडी. रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यापासनं टेप लावला, तेवीस फूट म्हणाला, मारली फुली. मी म्हटलं, ओ पावणं, त्या पेटीत मी भावाला पत्र टाकते नृसिंहवाडीला. तर म्हणतो, फोन करा. आता माझ्या भावाला ऐकू येत न्हाय, फोन करून काय करू?"

"आणि समोरच्या बोर्डाला फुली का नाही?"

समोर म्हणजे रस्त्याच्या पलीकडं गणपती मंडळाचा बोर्ड होता. आमच्या बोर्डाच्या चौपट! मंडळाचे अध्यक्ष विजयसिंहदादा, गॉगल लावून, हात जोडून, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. वाढदिवस होऊन दोन महिने झाले होते.

"त्येबी मोजलं. सव्वीस भरलं म्हणं. लांब हाय."

लांब? मला तर दोन्ही बोर्ड रस्त्यापासून सारखेच वाटत होते. उलट त्यांचाच जरा पुढं.

त्या संध्याकाळी मी बोर्डाखाली बसून राहिले. चिडलेच होते. एसटी येत होत्या, ट्रॅक्टर येत होते, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की प्रत्येक गाडी बोर्डाजवळ आली की थोडी आमच्या बाजूला झुकते आणि पुढं जाऊन परत सरळ होते. एक झाली, दोन झाल्या, सहावी गाडीही तशीच! मी उठून रस्त्याच्या कडेला गेले आणि डोळे बारीक करून लांबपर्यंत पट्टा बघितला.

पट्टा वाकडा होता! लांबून सरळ येत होता, आमच्या बोर्डापाशी पोट सुटल्यासारखा आमच्याकडं झुकला होता आणि मंडळाचा चौक संपला की परत शहाण्यासारखा मध्यभागी.

मी जी ओरडले, की गोठ्यातली म्हैस उभी राहिली.

रविवारी उजाडता उजाडता रस्ता मोकळा असतो. अम्मीच्या आणि शिकणाऱ्या मुलींच्या मिळून पाच टेपा घरात होत्या. शिवणाच्या टेपा, एकेक पाच फुटांची. टाचणीनं एकीला एक जोडल्या. शालूकाकी म्हशीची काठी घेऊन रस्त्यात उभ्या राहिल्या आणि आलेल्या एका दूधवाल्याला त्यांनी असं थांबवलं, की त्यानं गाडी बंदच केली. अम्मी एक टोक धरून उभी. नको नको म्हणत होती, पण टोक सोडत नव्हती.

डांबराची पूर्ण रुंदी चोवीस फूट. म्हणजे मध्य बारावर. आणि पट्टा? आमच्या कडेपासून नऊ फुटांवर! पलीकडून पंधरा! पट्टा तीन फूट आमच्या अंगावर आला होता. खऱ्या मध्यापासून मोजलं तर अम्मीचा बोर्ड सव्वीस फुटांवर. टपालपेटीही तिथंच.

"अम्मी, आपण बरोबर हाय!"

"हळू बोल, लोक झोपल्यात," अम्मी म्हणाली. पण हसली. शनिवारपासून पहिल्यांदा.

सोमवारी दहाच्या आधीच टेम्पो आला. खाकी शर्टातले गणपतराव उतरले, मागून पहार घेऊन दोन माणसं आणि रंगाचा डबा घेतलेला गडी. माझी शाळा बाराची, त्यामुळे मी युनिफॉर्म घालून, टेपांची गुंडाळी हातात घेऊन बोर्डासमोर तयारच होते.

"साहेब, तुमचं माप चुकलंय."

गणपतरावांनी आधी मला बघितलं, मग टेपांना बघितलं. "रस्त्याला ब्लाऊज शिवतीस काय?"

पहारवाले फिदीफिदी हसले. माझे कान तापले, पण आवाज गेला नाही. "रस्त्याला नाही, पण माप घ्यायची पद्धत तीच की. आधी मध्य काढायचा. तुमच्या कागदावर 'रस्त्याच्या मध्यापासून' लिहिलंय. 'पट्ट्यापासून' नाही लिहिलेलं."

"पट्टा मध्यावरच असतोय, बाळ."

"मग मोजा की तुमच्या टेपनं. नऊ आणि पंधरा निघालं नाही तर मी स्वतः बोर्ड उपटून देतो."

"मेहक!" अम्मी मागून ओरडली.

पण गणपतरावांनी टेप काढला. आमच्या कडेपासून पट्टा, नऊ. पट्ट्यापासून पलीकडची कड, पंधरा. त्यांनी परत मोजलं. टोपी काढून डोकं खाजवलं. "आयला. असा वाकडा कोण मारंल पट्टा? ठेकेदाराची माणसं काय डोळं झाकून मारत्यात व्हय?"

"गणपतीत मारला होता," मी म्हणाले. मी रात्रभर त्याचाच विचार केला होता. "तेव्हा मंडळाचा मांडव रस्त्यात होता. मांडव सोडून जेवढा रस्ता उरला, त्याच्या मध्यावर मारला असणार."

"छे. पट्टा मारताना मांडव हलवायला लावत्यात. काम थांबतंय, न्हाईतर मांडव हलतोय. उरल्याल्या रस्त्यावर कोण पट्टा मारतंय?"

एवढ्यात गर्दी बघून पलीकडून विजयसिंहदादा आले. गॉगल तोच, बोर्डावरचा. त्यांच्या कानावर फक्त 'मांडव हलतोय' एवढंच पडलं होतं.

"कुणाचा मांडव हलला?" दादांचा आवाज चौकात घुमला. "ओ पावणं, आमच्या मंडळाचा मांडव आजवर कुणाला हललाय काय? माणसं आलती रंगाची गाडी घेऊन. मांडव काढा म्हणाली. मी म्हटलं, बाप्पा बसल्यात, एक खांब हलणार न्हाय. कडंनं मारा काय मारायचं ते!"

"म्हणजे त्यांनी कडेनं मारला?" गणपतरावांनी विचारलं.

"मारला की! झक मारत मारला! मी स्वतः हितं उभा हुतो." दादांनी छाती पुढं काढली. "सहा फूट रस्त्यात हुता मांडव, एक इंच न्हाय हलवला. विचारा कुणालाबी!"

शालूकाकी तोंडाला पदर लावून थरथरत होत्या. मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या.

गणपतरावांनी रस्त्याच्या कडेपासून बारा फूट मोजले, तिथं खडूनं आडवी रेघ मारली आणि टेप त्या रेघेवर ठेवला. आधी अम्मीच्या बोर्डाकडं. सव्वीस. टपालपेटी, सव्वीस. मग टेप तिथंच धरून पलीकडं गेले. मी त्यांच्या मागं पळत गेले आणि विजयसिंहदादांच्या बोर्डापाशी टेपवरचा आकडा त्यांच्या आधी वाचला.

"तेवीस!"

दादांनी गॉगल काढला. "तेवीस काय?"

"पंचवीसच्या आत आलाय तुमचा बोर्ड," गणपतराव म्हणाले. "आताच तुम्ही साक्ष दिलीसा की, समद्या गावासमोर."

"मी मांडवाचं बोललो! बोर्डाचं कुठं बोललो?"

पण गड्यानं ब्रश डब्यात बुडवलाही होता.

"आरं आरं! फुली जरा फोटो सोडून मार की!"

गड्यानं खरोखरच फोटो सोडून, खाली 'हार्दिक'वर फुली मारली. चौकात असा हशा उठला की थांबलेल्या एसटीतले लोक खिडकीतून बघायला लागले. दादांनी गॉगल परत डोळ्यांवर चढवला. मग अम्मीकडं बघून म्हणाले, "भाभी, पोरगी तुमची वकील व्हायची."

"वकील कशाला," अम्मी म्हणाली, "रस्त्याची इंजिनियर होईल की. पट्टे सरळ मारंल."

अम्मी! माझी अम्मी, जी गिऱ्हाइकाशी सुद्धा हळू बोलते, ती भर चौकात अध्यक्षांना असं बोलली!

गणपतराव टेम्पोत बसायला लागले, तर अम्मी त्यांच्या आडवी गेली. "साहेब, फुली तुम्ही मारलीय. तुम्हीच पुसा."

त्यांनी टर्पेंटाईन मागवलं आणि स्वतः बोर्ड पुसला. पुसता पुसता 'आत या'तला 'या' थोडा गेला. ते हळहळले, पण अम्मी म्हणाली राहू दे, अब्बा संध्याकाळी फौंड्रीतून आले की रंगवतील. टपालपेटीवरची फुली कुणाला सापडलीच नाही, ती तशीच राहिली.

मी दप्तर पाठीला लावलं आणि निघाले. माझी बस यायची होती. तेवढ्यात एक स्कूटी आमच्या बोर्डापाशी थांबली. पुढं एक बाई, मागं एक मुलगी, मांडीवर कापडाची ही मोठी पिशवी.

"अगं, शबनम टेलर्स हेच ना? शाहूपुरीतनं आलोय, लग्नाचे ब्लाऊज हायेत अकरा. आत कुठनं जायचं?"

बस आली होती. कंडक्टर घंटी मारत होता. मी बस जाऊ दिली.

"चला की, मी दाखवतो!" म्हटलं, आणि त्यांच्या स्कूटीच्या पुढं गल्लीत पळत सुटले.