तळ्याकाठी उघडं बोनेट

आमच्या घरात देवाच्या खालोखाल कशाची काळजी वाहिली गेली असेल, तर ती ह्यांच्या गाडीच्या स्टार्टरची. सकाळी गाडी एका चावीत सुरू व्हायची. दिवसभर उन्हात फिरून इंजिन तापलं, की मात्र स्टार्टर नुसता कण्हायचा आणि गप्प बसायचा. हे एका कापडगिरणीचे एजंट; गांधीबागेतल्या दुकानांत रोजचं जाणं. संध्याकाळी काम आटोपलं की गाडी स्टार्ट घेत नाही, मग बोनेट उघडून इंजिन थंड होईपर्यंत तासभर तिष्ठत बसायचं. इकडे मी ताट वाढून वाट बघत असायची.

मी काही हातावर हात ठेवून बसणारी बाई नाही. महालातल्या आमच्या गल्लीत कुणाचं काही अडलं, की लोक म्हणतात, यमुताईंना विचारा. मी सगळ्यांना विचारून ठेवलं. समोरचे मधुसूदन म्हणाले, बॅटरी बदला. ह्यांनी बदलली. कुणी म्हणालं, अर्थिंगची वायर सैल असेल. ती आवळून झाली. माझा भाऊ म्हणाला, तापलेल्या स्टार्टरवर ओलं फडकं ठेवा. तेव्हापासून मी रोज डब्याबरोबर जुन्या धोतराचा ओला तुकडा द्यायची, आणि हे निमूटपणे घेऊन जायचे.

शेवटी चैत्रात हे गिरणीच्या कामाला आगगाडीने अकोल्याला गेले आणि गाडी दारात राहिली. म्हटलं, हे यायच्या आत दुरुस्त करून ठेवू. लकडगंजातून चंपतराव मेकॅनिकला बोलावलं.

"वहिनी, थंड्या गाडीत गरमचा बिघाड कसा दिसन?" चंपतराव म्हणाले. "आधी तापवा लागते तिले."

मग भर दुपारी आम्ही कामठीपर्यंत जाऊन आलो, मी मागच्या सीटवर घामाने निथळत. दारात आल्यावर त्यांनी गाडी बंद केली आणि लगेच चावी फिरवली. सुरू. पुन्हा बंद करून तशीच उभी ठेवली. म्हणाले, बंद केल्यावर इंजिनची गरमी स्टार्टरमधी चढते, खरी परीक्षा तेव्हा. पुन्हा चावी. पुन्हा सुरू. असं कितीदा तरी केलं.

"याले काईच झालं नाही, वहिनी."

"अहो, पण संध्याकाळी घेत नाही ना!"

"काहून घेणार नाही? आतले बुश घासले होते, गरम झालं की जाम होये. मीच बदलले ना दसऱ्याले. साहेबच घेऊन आले होते." चंपतराव हात पुसत सहज म्हणाले, "संध्याकाळी तं मी रोज पाहतो, तो शुक्रवारी तलाव आहे ना, त्याच्या काठाले उभी राह्यते गाडी, बोनेट वर करून. मले वाटे, साहेब हवा खाऊन राहिले."

"दसऱ्याला?" मी दोनदा विचारलं. दसऱ्यापासून चैत्रापर्यंत मी धोतर भिजवत होते! चंपतरावांना काय ते उमगलं, त्यांनी पाने गोळा केले आणि चहाही न घेता निघून गेले.

हे अकोल्याहून आले. मी एक अक्षर बोलले नाही; ते मला किती जड गेलं, माझं मला ठाऊक. दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा घरी येऊन, पाय धुता धुता म्हणतात, "आजही स्टार्ट घेतला नाही बघ." किती सरळ चेहऱ्याने! लग्नाला इतकी वर्षं झाली आणि मला वाटायचं, ह्या माणसाला खोटं बोलताच येत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रिक्षा केली आणि तलावावर गेले. कोण असेल, कशी असेल, काय बोलायचं, सगळं ठरवलं होतं. गाडी दिसली. बोनेट वर. मी आधी मागच्या सीटवर डोकावले. तिथे कापडाचे नमुने आणि वाळून कडक झालेला धोतराचा तुकडा. पुढे हे एकटेच, शेंगा सोलत, पाण्याकडे बघत.

"कोण येतं इथे?" मी विचारलं.

ते इतके दचकले की शेंगांचा पुडा सांडला. "कुठे कोण?"

"मग काय करून राहिले तुम्ही?"

"काही नाही. बसलो."

"आणि हे बोनेट?"

"ते उघडं असलं की लोकांना वाटतं, गाडी बिघडली. नाहीतर ओळखीचं माणूस थांबून विचारतं, घरी काहून जाऊन नाही राहिले?"

"काहून नाही जात?"

ते सांडलेल्या शेंगा गोळा करू लागले. मग हळू आवाजात म्हणाले, "स्टार्टर पहिल्यांदा बिघडला ना, तेव्हा इथे तासभर बसावं लागलं. माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. फार बरं वाटलं गं. दिवसभर दुकानदारांचं ऐकतो. घरी आलो की तुझं. मध्ये थोडं गप्प बसलो, की मग तुझं नीट ऐकता येतं."

सवत असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, अख्खा तलाव गोळा केला असता. इथे झिंज्या होत्या त्या माझ्याच. मी रिक्षावाल्याला जायला सांगितलं आणि गाडीत बसले. ह्यांनी बोनेट लावलं, गाडी सुरू केली. घरापर्यंत मी तोंड उघडलं नाही. बोलण्याजोगं काही सापडतच नव्हतं, आणि असं माझं कधी झालं नव्हतं. हे मधूनमधून माझ्याकडे बघत होते, घाबरल्यासारखे.

दारात उतरताना मी म्हटलं, "बसा तुम्ही. सावकाश या."

आत आले. दिवा लावला. एवढी मोठी गोष्ट घडली होती, आणि असं काही घडलं की मी सगळ्यात आधी ज्यांना सांगते, ते दाराबाहेर गाडीत बसले होते.